गाळामालकाशी वाजलं तर काय करायचं: ठाणे-नवी मुंबईतल्या नव्या दुकानदारासाठी

मालकाचा फोन येतो. "पुढच्या महिन्यापासून दहा हजार वाढवून द्या, नाहीतर गाळा रिकामा करा. माझ्याकडे गिऱ्हाईक तयार आहे." नवा दुकानदार यावर दोनपैकी एक गोष्ट करतो. एक तर रागाने भाडं थांबवतो, नाहीतर घाबरून चावी देऊन मोकळा होतो. ह्या दोन्ही गोष्टी केल्या नाहीत, तर वाद निम्मा तुमच्या हातात राहतो. भाडं थांबवलं की तुम्ही थकबाकीदार ठरता. चावी दिली की ताबा गेला, आणि गेलेला ताबा परत मिळवणं हे असलेला ताबा राखण्यापेक्षा कितीतरी अवघड असतं.

मी ठाण्यातल्या छोट्या दुकानदारांचे हिशेब लिहितो, वकील नाही. त्यामुळे खाली जे आहे ते वकिलाकडे जाण्याआधी आणि वकिलाशी बोलताना उपयोगी पडेल असं आहे. ऐन प्रसंगी वकील लागतोच.

आधी कागद काढा आणि त्यावर तुम्ही कोण आहात ते बघा

आपण सगळ्यालाच 'भाड्याचा गाळा' म्हणतो, पण कायद्याच्या नजरेत भाडेकरू आणि लायसन्सी हे दोन वेगळे प्राणी आहेत.

घोडबंदर रोड, मानपाडा, वाशी, नेरुळ, सीवूड्स इथल्या नव्या इमारतींतले बहुतेक गाळे 'लिव्ह अँड लायसन्स'वर दिलेले असतात. यात तुम्हाला जागेत हक्क मिळत नाही, ठरावीक मुदतीसाठी वापरायची परवानगी मिळते. हा प्रकार १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यात येतो. मुदत संपली की परवानगी आपोआप संपते, पण त्यानंतरही सामान हलवायला वाजवी वेळ मिळण्याचा हक्क तोच कायदा देतो. पैसे घेऊन दिलेली परवानगी तुमचा काही दोष नसताना मुदतीआधी काढून घेतली, तर भरपाई मागता येते.

नौपाडा, जांभळी नाका, स्टेशन रोड इथली जुनी दुकानं वेगळी. तिथे पागडी, पिढ्यान्‌पिढ्यांची भाडेपावती आणि महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ यांचं राज्य आहे. (१ फेब्रुवारी १९७३ रोजी जे लायसन्सवर बसलेले होते त्यांना कायद्याने भाडेकरूच मानलं गेलं. म्हणून काही घरांत तेव्हाची पावती दागिन्यासारखी जपलेली असते.) या कायद्याखालचा भाडेकरू भाडं देत असेल आणि द्यायला तयार असेल, तर मालकाला त्याला सहजासहजी काढता येत नाही. स्वतःला जागेची खरी गरज, परस्पर पोटभाडेकरू ठेवणं, परवानगीशिवाय पक्कं बांधकाम, सहा महिने विनाकारण बंद ठेवलेलं दुकान अशी कायद्यात दिलेली कारणं कोर्टात सिद्ध करावी लागतात.

तिसरा प्रकार नवख्याला दिसतच नाही. वागळे इस्टेट किंवा ठाणे-बेलापूर पट्ट्यातला गाळा एमआयडीसीच्या भूखंडावर असतो, आणि नवी मुंबईतली बहुतेक जमीन सिडकोने भाडेपट्ट्याने दिलेली आहे. म्हणजे तुमचा मालकही कुणाचा तरी पट्टेदार असतो. एमआयडीसीच्या जागेत दुसऱ्याला बसवायला तिची परवानगी लागते. ती मालकाने घेतली आहे का हे सही करतानाच विचारायचं असतं. वाद पेटल्यावर हीच गोष्ट तो तुमच्यावर उलटवतो: "एमआयडीसीने हरकत घेतलीय, मी काय करू?"

करारावर 'लिव्ह अँड लायसन्स' छापलं म्हणून विषय कायमचा मिटतो असं नाही. चावी कुणाकडे होती, जागा पूर्णपणे तुमच्याच ताब्यात होती का, हे कोर्ट बघतं. सर्वोच्च न्यायालयाच्या १९५९ च्या असोसिएटेड हॉटेल्स निकालापासून हा वाद कोर्टांत चालू आहे. पण फक्त ह्या मुद्द्यावर दुकान टांगून ठेवू नका, त्यात वर्षं जातात.

"अकरा महिन्यांचा आहे, नोटरी पुरे"

हे वाक्य इतक्या आत्मविश्वासाने सांगितलं जातं की खरंच वाटतं. महाराष्ट्रात ते चुकीचं आहे. १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ नुसार भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, मुदत कितीही असो. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

आणि तुमच्या कामाचा भाग पुढे आहे. नोंदणीकृत करार नसेल, तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल तुमचं म्हणणं खरं धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. म्हणजे नोटरीवाला कागद तुमच्यापेक्षा मालकालाच जास्त अडचणीचा. फोनवर आवाज चढवणाऱ्या मालकाला वकिलाच्या नोटिशीतून ह्या कलमाची आठवण करून दिली की पुष्कळदा बोलणं जमिनीवर येतं.

खर्चाची सबब तर अगदीच पोकळ आहे. महिना ४०,००० भाडं, ३ लाख परत मिळणारं डिपॉझिट, मुदत तीन वर्षं असं धरा. तीन वर्षांचं भाडं १४,४०,०००. डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरून तीन वर्षांचे ९०,०००. एकूण १५,३०,००० वर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे चार हजारांच्या आतच. त्यावर महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. हे काम आता ऑनलाइन, आधारवर अंगठा देऊन होतं, एजंट दुकानात मशीन घेऊन येतो.

भाडं चालू ठेवा, आणि ते दिसेल असं द्या

वाद असला तरी ठरलेलं भाडं, ठरलेल्या तारखेला, बँकेतून. रोख बंद. मालक रोखच मागत असेल तर हे बदलायची वेळ आजच आहे.

मालक चलाख असला तर भाडं घेणंच थांबवतो, म्हणजे नंतर "सहा महिने भाडं दिलं नाही" म्हणता येतं. त्याने खातं बंद केलं, चेक परत पाठवला, तर त्याचा पुरावा ठेवा, स्पीड पोस्टाने चेक पाठवा, आणि 'घेण्यास नकार' असा शेरा मारून परत आलेलं पाकीट न फोडता तसंच ठेवा. त्यानंतर वकिलामार्फत कोर्टात भाडं भरण्याची परवानगी मागता येते.

भाडे नियंत्रण कायद्याखालच्या भाडेकरूला इथे आणखी एक आधार आहे. थकबाकीसाठी मालकाने लेखी नोटीस द्यावी लागते आणि त्यानंतर नव्वद दिवस थांबावं लागतं. दावा लागलाच, तर समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांत सगळी थकबाकी १५ टक्के सरळ व्याजासह कोर्टात भरून, पुढचं भाडंही भरत राहिलं, तर त्या कारणावरून बाहेर काढता येत नाही. लायसन्सीला ही ढाल नाही. म्हणूनच सुरुवातीला कागद बघा म्हटलं.

एक भांडण निव्वळ गैरसमजातून होतं. भाडं महिना ५०,००० च्या वर असेल तर टीडीएस कापावा लागतो (ऑडिटमध्ये न येणाऱ्या व्यक्तीसाठी २ टक्के), आणि मालक म्हणतो भाडं कमी आलं. त्याला प्रमाणपत्र पाठवा. मालक जीएसटीत नोंदलेला नसेल आणि तुम्ही असाल, तर १० ऑक्टोबर २०२४ पासून दुकानाच्या भाड्यावरचा जीएसटी तुम्हीच भरायचा असतो. कंपोझिशनवाल्यांना (म्हणजे जीएसटीच्या छोट्या धंद्यांसाठीच्या सोप्या योजनेतल्यांना) यातून नंतर वगळलं. हे तुमच्या हिशेबनीसाकडून एकदा तपासून घ्या.

फोनवर बोललेलं त्याच दिवशी लिहून पाठवा

मालक मेसेज करत नाही, फोनच करतो, कारण त्यालाही कळतं. उपाय सोपा: फोन झाल्यावर लगेच तुम्ही मेसेज करा. भाषा भांडखोर नको. साधारण असं:

"शेठ, आज दुपारी आपण फोनवर भाडं दहा हजारांनी वाढवायचं म्हणालात. आपला करार पुढच्या मार्चपर्यंत आहे आणि त्यात भाडं ठरलेलं आहे. या महिन्याचं भाडं मी पाच तारखेला आपल्या खात्यात भरलं आहे. करारात नसलेली वाढ मला मान्य नाही. गाळा माझ्या ताब्यात आहे आणि मी तो सोडलेला नाही. आपलं काही म्हणणं असेल तर लेखी कळवा."

शेवटच्या दोन वाक्यांसाठीच हा सगळा मेसेज. उद्या "तो स्वतःहून सोडून गेला" असं कुणी म्हणालं तर हे उत्तर तारखेसह तयार असतं.

व्हॉट्सॲप कोर्टात चालतं, पण त्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं. त्यामुळे नुसते स्क्रीनशॉट काढून फोन विकून टाकू नका. मूळ फोन, मूळ संभाषण जपा. याशिवाय एका फायलीत नोंदणीकृत करार आणि सूची २ (नोंदणीचा सारांश-उतारा, 'इंडेक्स टू'), बँकेचे उतारे, वीजबिलं, शॉप ॲक्टची पोच, जीएसटी प्रमाणपत्र, सोसायटीच्या मेंटेनन्सच्या पावत्या आणि फर्निचर, शटर, एसीची बिलं. तुम्ही त्या पत्त्यावर धंदा करत होता, हे सांगणारा प्रत्येक कागद उपयोगी. फाईल दुकानात ठेवू नका. कुलूप लागलं तर ती आतच अडकते.

सकाळी दुकानावर दुसरंच कुलूप दिसलं तर

इथे घाई करावी लागते, पण बरोबर दिशेला.

कुलूप तोडू नका. शेजारचे दुकानदार "तोड रे, आम्ही आहोत" म्हणतील. पंचनाम्याच्या वेळी मात्र त्यांना कुठेतरी जायचं असतं. तोडलंत, तर मालकाला तुमच्याविरुद्ध तक्रार द्यायला आयतं कारण मिळतं. आधी व्हिडिओ काढा: रस्ता, पाटी, शटर, कुलूप, सलग आणि न कापता. आत नाशवंत माल असेल, औषधं असतील, गिऱ्हाइकांच्या दुरुस्तीला आलेल्या वस्तू असतील, तर तसं व्हिडिओत बोला.

मग ११२ ला फोन, आणि लगोलग हद्दीतल्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार. तिथे बहुधा एकच उत्तर मिळतं: "हे सिव्हिल मॅटर आहे, कोर्टात जा." ताबा कुणाचा हा प्रश्न दिवाणीच आहे, ते खरं. पण तुम्हाला तुमच्या जागेत जाण्यापासून अडवणं, धमकी देणं, तुमचा माल बाहेर काढणं किंवा उचलून नेणं हे भारतीय न्याय संहितेत गुन्हे आहेत. म्हणून तक्रारीत "मालकाने अन्याय केला" असं लिहू नका. काय घडलं ते लिहा: किती वाजता, कोण, काय म्हणाला, आत कोणता माल आणि किती रकमेचा. तक्रारीच्या प्रतीवर पोच घ्या. गुन्हा नोंदवून घेतला नाही तर तीच तक्रार लेखी वरिष्ठांकडे म्हणजे पोलीस उपायुक्तांकडे, आणि तिथेही काही झालं नाही तर वकिलामार्फत न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. खारघर-कामोठेवाल्यांनी एक लक्षात ठेवा: तुमचं पोलीस आयुक्तालय नवी मुंबईचं, पण तालुका पनवेल आणि जिल्हा रायगड, त्यामुळे कोर्ट पनवेलचं.

त्याच दिवशी वकील गाठा. भाडेकरू म्हणून ताब्यात असताना कायद्याची प्रक्रिया न करता बाहेर काढलं गेलं, तर विशिष्ट साहाय्य अधिनियम, १९६३ च्या कलम ६ खाली ताबा परत मागता येतो. त्यात मालकी कुणाची हा प्रश्न निघत नाही, फक्त ताबा होता आणि तो बेकायदा गेला एवढंच बघतात. पण मुदत सहा महिन्यांचीच आहे, आणि वाटाघाटीत सहा महिने कसे जातात कळत नाही. मालक "बसून बोलू, दिवाळीनंतर बघू" म्हणत असेल तर बोलणी जरूर करा, पण तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. लायसन्सीची बाजू इथे लंगडी पडते. त्याचा भर मुदत शिल्लक असल्याच्या मुद्द्यावर, भरपाईवर आणि आतला माल सोडवून घेण्यावर असायला हवा.

कुलूप अजून लागलेलं नाही पण धमक्या चालू आहेत, ही वेळ खरं म्हणजे कोर्टात जायला सर्वांत चांगली. तेव्हा ताबा तुमच्याकडे असतो आणि तात्पुरता मनाई हुकूम मागता येतो, ज्याला आपण 'स्टे' म्हणतो. मालकच आधी कोर्टात जाईल अशी शंका असेल तर कॅव्हेट दाखल करा, म्हणजे तुम्हाला न ऐकता त्याला अंतरिम आदेश मिळणं अवघड होतं. कॅव्हेट नव्वद दिवस टिकतं, मग नवं भरायचं.

वीज-पाणी तोडण्याचा प्रकार कुलुपाइतकाच जुना आहे. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ प्रमाणे मालकाला भाडेकरूचं पाणी, वीज, जिन्यातले दिवे, लिफ्ट, सफाई अशा आवश्यक सेवा वाजवी कारणाशिवाय तोडता येत नाहीत, आणि कोर्ट त्या तातडीने सुरू करायला सांगू शकतं. शिवाय वीज कायदा, २००३ च्या कलम ४३ नुसार वीज फक्त मालकच मागू शकतो असं नाही, जागा ताब्यात असणाराही मागू शकतो. त्यामुळे महावितरणच्या (मुंब्रा-कळवा-शीळ भागात टोरंटच्या) कार्यालयात अर्ज देऊन ठेवा, नाकारला तर लेखी नकार घ्या.

डिपॉझिट

खरी भांडणं निघतात ती जाताना. गाळा चांगला सोडला, चावी दिली, मालक म्हणतो "नवा माणूस आला की देतो." मग रंग खराब झाला, फरशी फुटली, सोसायटीची बाकी निघाली.

करारात 'रिकामा ताबा आणि डिपॉझिट एकाच वेळी' असं वाक्य असेल तर ते धरून बसा. नसेल तर चावी देण्याआधी निदान एवढं करा: रिकाम्या गाळ्याचा व्हिडिओ, मीटरचं रीडिंग, सोसायटीची बाकी नसल्याचा कागद, आणि चावी दिल्याची मालकाची सही किंवा मेसेज. मालक चावीच घेत नसेल, म्हणजे भाडं चालू राहावं अशी त्याची इच्छा असेल, तर 'गाळा अमुक तारखेला रिकामा केला असून चावी घेऊन जावी' अशी लेखी नोटीस पाठवा. तुमचं एक कपाटही आत राहू देऊ नका. मुदतीनंतर राहिल्यास दुप्पट भाडं असं कलम बहुतेक करारांत असतं आणि ते कपाट त्या कलमाला पुरतं.

शेवटचे महिने भाडं न देता डिपॉझिटमधून वळतं करणं सर्रास चालतं. मालकाचा लेखी होकार असेल तरच करा. होकार नसताना केलं तर तुम्ही थकबाकीदार आणि तेही लॉक-इनमध्ये (करारातली ती मुदत, जिच्याआधी गाळा सोडता येत नाही) असाल तर आणखी पंचाईत.

पैसे अडकलेच तर वसुलीच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे. रक्कम ३ लाख किंवा त्याहून जास्त असेल आणि जागा धंद्यासाठीच वापरलेली असेल, तर प्रकरण व्यावसायिक वादात मोडू शकतं. मग तातडीचा अंतरिम आदेश मागायचा नसल्यास दाव्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मध्यस्थीसाठी जाणं सक्तीचं आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ते पक्कं केलं. मला ही सक्ती फायद्याचीच वाटते. मालकाला सरकारी नोटीस जाते, समोरासमोर बसावं लागतं, आणि चार लाखांसाठी वकील लावण्यापेक्षा साडेतीन लाख आज देणं त्यालाही परवडतं. मध्यस्थीत गेलेला काळ तीन वर्षांत मोजला जात नाही.

कोर्ट कुठलं आणि वकिलाला काय विचारायचं

मुंबईत राहणारे नातेवाईक 'स्मॉल कॉज कोर्टात जा' म्हणतील. ते मुंबईचं झालं. भाडे नियंत्रण कायद्यात ठाण्यासारख्या ठिकाणी असे दावे कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांकडे चालतात: ठाण्यासाठी कोर्ट नाक्यावर, वाशी-नेरुळ पट्ट्यासाठी बेलापूरला. 'सक्षम प्राधिकाऱ्याकडून महिन्याभरात बाहेर काढतो' ही धमकीही पोकळ आहे. तो झटपट मार्ग राहत्या घराच्या लायसन्ससाठी आहे, दुकानासाठी नाही. दुकानाचा ताबा मागायला मालकालाही दिवाणी कोर्टाची पायरी चढावी लागते. याचा अर्थ मुदत संपल्यावरही बिनधास्त बसा असा नाही. दाव्याचा निकाल विरुद्ध गेला तर त्या सगळ्या काळाची बाजारभावाने भरपाई द्यावी लागू शकते.

करारात लवादाचं कलम असेल तर ते वकिलाला पहिल्याच भेटीत दाखवा. भाडे नियंत्रण कायद्याखालचे वाद लवादाकडे जात नाहीत, हे विद्या ड्रोलिया खटल्यात २०२० मध्ये ठरलं, पण तुमचा वाद त्या कायद्याखाली येतो का हे कागद बघूनच कळतं. फी टप्प्याटप्प्याने आणि पावतीने ठरवा. महिला, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि राज्यात वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत असलेले लोक यांना मोफत विधी साहाय्य मिळू शकतं. १५१०० वर फोन करा किंवा जिल्हा न्यायालयातल्या प्राधिकरणाच्या कार्यालयात जा. लोक अदालतीत मिटलं तर कोर्ट फी परत मिळते, मात्र त्यावर अपील नाही. तेव्हा आकडा पूर्ण पटल्याशिवाय सही करू नका.

तडजोड झाली आणि जागा बदलली, तर जीएसटी, शॉप ॲक्ट, उद्यम, खाण्याचा धंदा असेल तर अन्न परवाना, बँक, सगळीकडचा पत्ता बदलून घ्या. जुना पत्ता राहिला की त्या पत्त्यावर आलेली नोटीस जुन्या मालकाच्या हातात पडते, आणि तो ती तुम्हाला आणून देईल असं समजू नका.